कळत नाही

कलेला प्रयोजन नसतं, कला हेच कलेचं प्रयोजन असतं, असं थोरामोठ्यांनी लिहून ठेवलं आहे. थोरामोठ्यांना दोन-दोन डोळे होते.

ज्यांच्याकडे एकच उरायचा, ते दुसऱ्यासाठी डोळेकरांकडे यायचे. डोळेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण बायकोच्या ‘येथे रफू करून मिळेल’ या ओळीला मोठी अक्षरं लागल्यामुळे ते पाटीच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं. गल्लीत सगळे त्यांना डोळेकरच म्हणत. जणू डोळे नावाचं एखादं गाव आहे आणि हे तिथून आले आहेत.

डोळेकर कृत्रिम डोळे बनवत. अठ्ठावीस वर्षं झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातली उत्तरेकडे खिडकी असलेली खोली त्यांची. खिडकीला लागून टेबल, टेबलावर दाताच्या डॉक्टरकडे असतं तसलं घासायचं मशीन, रंगांच्या कुप्या, तीन-तीन केसांचे ब्रश आणि बटणांच्या जुन्या डब्यात नमुन्याचे डोळे. डबा उघडा राहिला की नवं गिऱ्हाईक खुर्चीत बसण्याआधी दोन पावलं मागे सरकायचं. आत ओट्यावर दोन कुकर होते. एकात जेवण शिजायचं, दुसऱ्यात डोळे. दोन्हींच्या शिट्ट्या सारख्याच, त्यामुळे बायको हातातली सुई न थांबवता ओरडायची, “अहो, हा तुमचा का माझा?”

लोकांना वाटतं खोटा डोळा म्हणजे काचेची गोटी. तसं नसतं. ती शिंपल्यासारखी पातळ वाटी असते, अॅक्रिलिकची. आधी खाचेचं माप घ्यायचं, मग मेणाचा नमुना, मग साचा, मग शिजवणं, घासणं. इथवर कुणीही चार महिन्यांत शिकेल. खरी गंमत पुढे. गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवायचं, गुडघ्याला गुडघा लावून समोर बसायचं आणि त्याच्या शाबूत डोळ्यात बघत बघत एका चकतीवर बुबुळ रंगवायचं. माणूस सांगतो, माझे डोळे तपकिरी आहेत. त्याला काय माहीत? त्याच्या तपकिरीत कडेला शेवाळ असतं, आत मधाची एक कडी असते आणि दोन ठिकाणी काही कारण नसताना गंज चढलेला असतो. पांढऱ्यावरच्या शिरा तर रंगवतच नाहीत. लाल रेशमी धागा सोडवायचा आणि त्यातला एकेक तंतू चिकटवायचा. हा धागा बायकोच्या रफूच्या डब्यातून यायचा, बहुतेक वेळा तिला न विचारता.

एवढं सगळं झालं की गिऱ्हाइकाच्या हातात आरसा द्यायचा. गिऱ्हाईक इकडून बघायचं, तिकडून बघायचं आणि म्हणायचं, “कळत नाही.”

या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. कळला तो डोळा वाया गेला. डोळेकरांनी हे दोन शब्द शेकडो वेळा ऐकले होते आणि दरवेळी त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या.

योगायोग असा, की त्यांच्या मेव्हण्याच्या चित्रांबद्दलही लोक हेच म्हणत.

मेव्हणा चित्रकार होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याची चित्रं दाराएवढी असत आणि त्यांच्यासमोर उभं राहून माणसं हळू आवाजात “कळत नाही” म्हणत, तेव्हा मेव्हणाही सुखावे. कळलं तर मग उरलं काय, असं त्याचं म्हणणं. म्हणजे साला-मेव्हणे दोघंही एकाच वाक्यावर जगत होते. फरक एवढाच, की मेव्हण्याच्या वाक्यावर पेपरात लेख येत.

दर रविवारी दुपारी मेव्हणा जेवायला यायचा. जेवण झालं की पाय लांब करून बोलायला लागायचा.

“भाऊजी, राग मानू नका, पण तुमचं काम म्हणजे कारागिरी. अव्वल दर्जाची कारागिरी, मी कुठेही सांगेन. पण कला वेगळी.”

“कशी वेगळी?”

“तुम्ही नक्कल करता. समोर डोळा असतो, तसा दुसरा बनवता. माझ्यासमोर काहीच नसतं.”

“ते चित्र बघून लक्षात येतं,” बायको आतून म्हणाली.

“ताई, तू मध्ये बोलू नकोस.”

“माझ्या घरात मी मध्येच असते रे.”

डोळेकर हसण्यावारी न्यायचे. पण कारागीर हा शब्द दाताच्या फटीत अडकलेल्या बडीशेपेसारखा सोमवार-मंगळवारपर्यंत पुरायचा. वाईट काही नव्हता तो शब्द. तरीही ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशा कुणीतरी एकदा, फक्त एकदा, या पाय लांब केलेल्या माणसासमोर आपल्याला कलावंत म्हणावं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. बायकोला त्यांनी ती बोलून दाखवली नव्हती. बायकोला ती माहीत होती.

आणि अशातच एका मंगळवारी समीक्षक आले.

हे समीक्षक म्हणजे साधेसुधे नव्हेत. शहरात कुठलंही चित्र चांगलं आहे की नाही, हे ते पेपरात लिहीपर्यंत कुणाला ठरवता येत नसे. काळा चष्मा, करडी दाढी, खांद्यावर शाल नव्हती पण असावीशी वाटे. खोलीत येऊन त्यांनी आधी दार लोटलं, मग चष्मा काढला. डाव्या डोळ्याच्या जागी इस्पितळातला तयार डोळा होता. रंग दुसऱ्याच कुणाचा आणि नजर बाहेरच्या बाजूला.

“दोन वर्षं झाली,” समीक्षक म्हणाले. “जंतुसंसर्ग. घरच्यांखेरीज कुणाला माहीत नाही. आणि कळता कामा नये.”

“हा लावून कधी बाहेर गेला होतात?”

“एकदाच. एका शिल्पासमोर उभा होतो. शेजारच्या चित्राचा चित्रकार येऊन आभार मानून गेला. मोठं अवघड झालं. त्याच्याबद्दल लिहावं लागलं मग. तेव्हापासून हा चष्मा. झोपताना तेवढा काढतो.”

“चित्रं बघताना?”

“तेव्हाही. लोकांना वाटतं शैली आहे.”

डोळेकरांच्या हातातला मेणाचा गोळा हातातच राहिला. वर्षापूर्वी मेव्हण्याचं प्रदर्शन झालं होतं. सगळी चित्रं पिवळीधमक, भिंतींकडे बघवत नव्हतं. समीक्षकांनी लिहिलं होतं, ‘या चित्रांतला विषण्ण काळोख अंगावर येतो.’ ते वाचून मेव्हण्याला पहिल्यांदा कळलं की आपण दुःखी आहोत. त्याने पिवळे डबे देऊन टाकले आणि वर्षभर तो राखाडी चौकोन काढत होता. येत्या महिन्यात त्यांचंच प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला हेच समीक्षक होते.

गिऱ्हाइकाची गोष्ट खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही, हा डोळेकरांचा नियम. मेव्हणा घरचा होता खरा, पण घरचं बाहेर नेणं हा त्याचा स्वभाव होता. डोळेकर फक्त म्हणाले, “पुढच्या महिन्यात तुम्ही ज्याच्या प्रदर्शनाला येणार आहात, तो चित्रकार माझा मेव्हणा लागतो.”

“अरे वा!” समीक्षक म्हणाले. “मग तुमच्या घरात कलेचं वातावरण असणार.”

“रविवारी असतं,” डोळेकर म्हणाले. “वर बघा.”

तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत माप. दुसऱ्या बैठकीला रंग, आणि रंग म्हटलं की गिऱ्हाइकाला दोन-तीन तास हलता येत नाही. समीक्षकांना हलल्याशिवाय राहता येत होतं, बोलल्याशिवाय नाही.

“सौंदर्य ही व्यक्तिसापेक्ष गोष्ट आहे, डोळेकर. तुम्हाला सुंदर वाटेल ते मला वाटेलच असं नाही.”

“खाली बघा.”

“त्याचं एकच एक प्रमाण नसतं.”

“आता समोर. मग निळा करू?”

“काय निळा?”

“डावा डोळा. मला स्वतःला निळा फार आवडतो.”

“अहो, उजवा तपकिरी आहे माझा!”

“ते झालं तुमचं मत.”

समीक्षक पहिल्यांदा हसले. हसले तरी मान मात्र ताठ होती. “थट्टा पुरे. हुबेहूब पाहिजे. केसभर फरक चालायचा नाही.”

“म्हणजे प्रमाण असतं.”

“माझ्या डोळ्यापुरतं.”

डोळेकरांनी ब्रश पुसला. “आणि उपयोगाचं काय म्हणत होतात?”

“कलेला उपयोग नसतो. उपयोग आला की ती वस्तू झाली. खुर्ची, चमचा, पायपुसणं.”

“या डोळ्याने तुम्हाला दिसणार आहे का?”

“नाही.”

“बरं. रडायला लागतो का हा?”

“नाही, रडू तसंही येतं.”

“मग याचा उपयोग काय?”

“माझ्याकडे बघणाऱ्याला बरं वाटतं.”

“आणि चित्राचं काय वेगळं असतं?”

“डोळेकर,” समीक्षक म्हणाले, “तुम्ही काही वाचता का?”

“कुप्यांवरच्या सूचना. हलू नका.”

त्या दिवशी डोळेकरांचा हात असा लागला होता की विचारू नका. बुबुळ तासाभरात उतरलं. मग बाहुली. बुबुळाच्या मधला तो काळा ठिपका सगळे डोळेवाले काळ्या रंगाने भरून मोकळे होतात. पण डोळेकरांनी खिडकीच्या उजेडात निरखून बघितलं, तर समीक्षकांच्या उजव्या डोळ्यातली बाहुली निव्वळ काळी नव्हती. पाण्यात दुधाचा थेंब पडावा आणि विरता विरता थांबावा, तशी एक धुरकट झाक आत खोल होती. अठ्ठावीस वर्षांत असा रंग त्यांनी कधी हाताळला नव्हता. ब्रशचे दोन केस कापून त्यांनी एक ठेवला. करडा, वर काळ्याचं पाणी, पुन्हा करडा, वर किंचित पिवळा. चार तास गेले. चकती वाळायला ठेवली तेव्हा तिच्यातून कुणीतरी सकाळच्या धुक्यातून बघावं तसं बघत होतं.

“अगं, आज बाहुलीत जे काम झालंय ना,” ते आत जाऊन बायकोला म्हणाले, “ते पुन्हा व्हायचं नाही.”

“ती शिट्टी तुमची होती का माझी?” बायको म्हणाली.

तिसऱ्या बैठकीला डोळा बसवला. समीक्षकांनी आरसा घेतला, नाकाला लावला, लांब धरला, पुन्हा नाकाला लावला.

“कळत नाही,” ते म्हणाले.

डोळेकरांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. पण यावेळी ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, “ही कला आहे की कारागिरी?”

समीक्षक खुशीत होते. दोन वर्षांनी ते चष्म्याशिवाय रस्त्यावर जाणार होते. “असं करू,” ते म्हणाले. “प्रदर्शनाला शंभरएक माणूस येईल. सगळे बघण्यात मुरलेले. त्यातल्या एकालाही कळलं नाही, तर तुमच्या मेव्हण्यासमोर मी तुम्हाला कलावंत म्हणेन. शब्द देतो.”

दोघांनी हात मिळवले. या शब्दात एक अडचण आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

प्रदर्शनाला डोळेकर इस्त्रीचा शर्ट घालून गेले. बायकोने त्याच शर्टाची कॉलर आदल्या दिवशी रफू केली होती आणि कुठे केली ते तिलाही आता सापडलं नसतं. दालनात पांढऱ्या भिंती, पांढरे दिवे आणि राखाडी चौकोन. चौकोन मेव्हण्याने पोलादी पट्टीने आखले होते, कडांना चिकटपट्टी लावून रंग भरला होता. ब्लेडने कापल्यासारख्या रेषा होत्या.

समीक्षक माइकसमोर उभे राहिले. चष्मा नाही. डावा डोळा उजव्याबरोबर डावीकडे गेला, उजवीकडे आला. डोळेकर तिसऱ्या रांगेत बसून स्वतःचा श्वास मोजत होते.

“या चौकोनांच्या कडा बघा,” समीक्षक म्हणाले. “कशा विरघळतायत. कुठे एक आकार संपतो आणि दुसरा सुरू होतो, सांगता येत नाही. चित्रकाराने इथे रेषाच नाकारली आहे.”

मेव्हण्याने आधी समीक्षकांकडे बघितलं, मग चित्रांकडे. दोन पावलं मागे गेला. डोळे बारीक केले. हळूहळू त्याच्याही कडा विरघळायला लागल्या. लोकांनी डोळे बारीक केले. एक बाई म्हणाल्या, “खरंच हो, मघाशी माझ्या लक्षातच आलं नव्हतं.” दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

भाषण झालं आणि लोकांनी समीक्षकांना गराडा घातला. कुणी हात मिळवला, कुणी अगदी तोंडाशी येऊन बोललं, एका छायाचित्रकाराने हातभर अंतरावरून फोटो काढले. एका तरुण चित्रकर्तीने तर सांगून टाकलं, “सर, तुमचे डोळे फार खोल आहेत. चष्म्यामागे कशाला लपवत होतात?” डोळेकर खांबाआड उभे राहून मोजत होते. शंभर तर सहज झाले. एकालाही कळलं नव्हतं.

आता समीक्षक मेव्हण्याबरोबर त्यांच्याकडेच येत होते. डोळेकरांनी कॉलर सारखी केली.

“सर, हे माझे भाऊजी,” मेव्हणा म्हणाला. “तुमची ओळख आहे का?”

समीक्षकांनी तोंड उघडलं. आणि ती अडचण दोघांच्याही एकदमच लक्षात आली. डोळे बनवणाऱ्याला ओळखायचं म्हणजे कुठून ओळखायचं?

“नाही,” समीक्षक म्हणाले. “कधी योग आला नाही.”

“हे कृत्रिम डोळे बनवतात.”

“डोळे? बनवतात?” समीक्षक म्हणाले. “कमाल आहे.”

“मी यांना नेहमी सांगतो, कारागिरी आहे, पण फार अव्वल. बरोबर ना सर?”

सगळे ऐकत होते. तरुण चित्रकर्ती ऐकत होती. “बरोबर आहे,” समीक्षक म्हणाले. “कारागिरी. आदर वाटावा अशी.” आणि बोलता बोलता त्यांचा उजवा डोळा ओशाळून खाली गेला. डावाही त्याच्यासोबत गेला, तेवढाच, तितक्याच हळू. खोटं बोलल्याची लाज त्या अॅक्रिलिकच्या वाटीत जशीच्या तशी उतरली होती. इतकं चांगलं काम आपल्या हातून झालंय, हे डोळेकरांना दिसलं. सांगायला कुणी नव्हतं.

ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. जेवण पुढ्यात आलं की पानाकडे बघत बसायचे.

“ऐका,” बायको शेवटी म्हणाली. तिच्या मांडीवर कुणाचातरी कोट होता. “बत्तीस वर्षं मी भोकं बुजवतेय. दिसलं तर गिऱ्हाईक कोट तोंडावर फेकतं. नाही दिसलं तर भोक होतं हेच विसरून जातं. माझं कुणी प्रदर्शन भरवलं? मी मेले का?”

“तुझं वेगळं आहे.”

“हो का? कसं वेगळं?”

डोळेकरांना जे वाक्य सुचलं, ते मेव्हण्याचं होतं.

रविवारी मेव्हणा आला. पेपरातला लेख घेऊनच आला. जेवताना त्याने तो दोनदा वाचून दाखवला. विरघळणाऱ्या कडा हे शब्द लेखात पाच वेळा होते. आता पुढची सगळी चित्रं ओल्या फडक्याने पुसून काढणार, असं तो सांगत होता, तेवढ्यात जिन्यात धाडधाड पावलं वाजली आणि दार न वाजवता समीक्षक आत शिरले. पुन्हा काळा चष्मा. हातात एक कागद. उंबऱ्याला अडखळले, कोटाच्या ढिगाला माणूस समजून “माफ करा” म्हणाले आणि डोळेकरांच्या दिशेने कागद नाचवायला लागले.

“हे काय करून ठेवलंत माझ्या डोळ्यात?”

मेव्हण्याचा घास हातात राहिला. “सर? तुमच्या डोळ्यात?”

समीक्षकांनी त्याला बघितलंच नव्हतं. चार हातांवर बसलेल्या माणसाला आवाजावरून ओळखून ते मटकन खुर्चीत बसले. लपवण्यासारखं आता काही राहिलं नव्हतं.

कागद बायकोने घेतला, कारण बाकी तिघांपैकी कुणाचे हात मोकळे नव्हते, तर कुणी शुद्धीवर नव्हतं. पेपरच्या कचेरीत कर्मचाऱ्यांसाठी नेत्रतपासणी शिबिर झालं होतं. रांग मोठी होती, तपासणाऱ्याच्या हातात बॅटरी होती. त्याने प्रत्येकाच्या डोळ्यांवर ती मारून चिठ्ठी लिहून दिली होती. बायकोने मोठ्याने वाचलं.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा अधिक पिकलेला. शस्त्रक्रिया आधी डाव्याची करावी.”

आत कुकरची शिट्टी झाली, पण तुमची का माझी हे कुणी विचारलं नाही.

“डावा!” समीक्षक ओरडले. “डाव्याला तारीख दिलीय त्यांनी! मी काय सांगू तिथे? तुम्ही त्यात मोतीबिंदू रंगवलात?”

“तुमच्या उजव्यात आहे तो,” डोळेकर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला. “तुम्हीच म्हणालात, केसभर फरक नको.”

“मग मला सांगायचं नाही?”

“मला वाटलं, तसा रंगच आहे.”

हे खरं होतं. चार तास त्यांनी तो रंग बघितला होता. आजार बघितला नव्हता.

“तीन दिवस गुडघ्याला गुडघा लावून बसलात,” बायको हळू आवाजात म्हणाली, “आणि समोरच्या माणसाला दिसत नाही हे तुम्हाला दिसलं नाही?”

डोळेकरांनी मान खाली घातली. तिकडे मेव्हण्याचं गणित जुळत होतं. तो एकदा पेपरातल्या लेखाकडे बघत होता, एकदा समीक्षकांकडे. “सर,” तो म्हणाला, “म्हणजे त्या कडा…”

“कुठल्या कडा?”

“विरघळणाऱ्या.”

समीक्षकांनी चष्मा काढला. दोन्ही डोळ्यांनी मेव्हण्याच्या दिशेने बघितलं. दोन्ही डोळे सारखेच धुरकट, सारखेच खोल, सारखेच गोंधळलेले. मेव्हण्याला त्यातला खोटा कुठला ते सांगता येईना. त्याने डोळे बारीक केले, पुढे वाकला, मग मागे झाला.

“कळत नाही,” तो पुटपुटला.

आणि त्याच क्षणी समीक्षकांचा संताप पुन्हा उसळला. ते खुर्चीतून उठले आणि डोळेकरांना कोपरापासून हात जोडून म्हणाले, “कलावंत आहात हो तुम्ही! मोठे कलावंत! कुणी सांगितलं होतं तुम्हाला एवढं सगळं करायला? साधा काळा ठिपका द्यायचा सोडून! कलावंत!”

तीनदा म्हणाले. मेव्हण्यासमोर म्हणाले. त्यांच्या शब्दाला शहरात वजन होतं.

डोळेकरांच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. शिवी होती, हे त्यांना कळत होतं. लाज वाटायला हवी, हेही कळत होतं, आणि ती वाटतही होती. पण लाजेच्या खालून काहीतरी वर येत होतं आणि ते त्यांना दाबता येईना. त्यांनी बायकोच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि दोनदा वाचली. ‘डावा अधिक पिकलेला.’ त्यांच्या कामावर कुणी लिहिलेली ती पहिलीच ओळ होती.

“ही मला मिळेल?” त्यांनी विचारलं.

“ऑपरेशनला लागणार आहे ती!” समीक्षक म्हणाले.

“मग झेरॉक्स काढून आणतो,” डोळेकर म्हणाले आणि चपला घालून खाली गेले. जाताना जिन्यात गुणगुणत होते, असं बायकोचं म्हणणं. मेव्हण्याने त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

पुढे डोळ्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी स्वतः तपासलं तेव्हा डाव्याचा उलगडा झाला आणि शस्त्रक्रिया उजव्याची झाली. व्यवस्थित झाली. समीक्षकांना आता लख्ख दिसतं. मेव्हण्याच्या चौकोनांबद्दल त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही. उजव्यातलं दूध गेल्यामुळे डावा जुळेनासा झाला, म्हणून डोळेकरांना तो नवा करून द्यावा लागला. नव्यातली बाहुली नुसती काळी आहे. तसली काळी टिकली तयार मिळते.